‘यात कोडिंग कुठंय?’

मा. संपादक,

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांबद्दल आपल्या पेपरात सध्या बरंच छापून येतंय, म्हणून हे पत्र. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावचा रेडिओ-टीव्ही मेकॅनिक. टीव्ही आता फारसे येत नाहीत. मोटरपंपाचे स्टार्टर आणि फवारणी पंपाचे चार्जर, यावरच दुकान चालतं. शाळा सुटली की गावातली पोरं येऊन बसतात. त्यांच्यातल्या आठवीच्या एका मुलीनं केलेला मोटरवर चालणारा यंत्राचा किडा यंदा एका प्रदर्शनात परीक्षकांनी बाजूला ठेवला. कारण काय, तर “यात कोडिंग कुठंय?” नंबर मिळाला विकत आणलेल्या किटच्या गाडीला. मिळो बापडा. पण विचारलेला प्रश्नच चुकीचा होता.

त्या किड्यात कोडिंग नाहीच, न्यूरॉन आहेत, म्हणजे मज्जापेशीसारखी वागणारी छोटी सर्किटं, तीही हातानं सोल्डर केलेली. ७४एचसी१४ ही चौदा पायांची आयसी (चिप) घ्या. तिच्यात सहा इन्व्हर्टर असतात. घरातला बॅटरीचा नव्हे, इनपुट वर गेलं की आउटपुट खाली पाडणारा. एकाच्या इनपुटला ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (चार्ज साठवणारा) लावा आणि त्याच पायापासून ग्राउंडला १ मेगओमचा रेझिस्टर (करंट अडवणारा). झाला न्यूरॉन. कपॅसिटरमधून व्होल्टेजचा धक्का आला की आउटपुट खाली पडतं. रेझिस्टरवाटे कपॅसिटर चार्ज होत जातो, इनपुटचा व्होल्टेज उतरतो, आणि साधारण पाव सेकंदात आउटपुट पुन्हा वर येतं. ते वर आलं की पुढच्या न्यूरॉनला धक्का. असे दोन समोरासमोर जोडले की ठोका त्यांच्यात आपोआप फिरत राहतो. न वापरलेले इनपुट मात्र ग्राउंड करायचे, नाहीतर आयसी वाटेल तशी वागते.

मोटर ओढायला ही आयसी कमी पडते. त्यासाठी पोरीनं ७४एचसी२४० घेतली. आठ इन्व्हर्टर, चार-चार एकत्र जोडून दोनच दांडगे न्यूरॉन केले, १ आणि १९ नंबरचे पाय ग्राउंडला, आणि दोन आउटपुटच्या मधे छोटी गिअरची मोटर. ती एकदा इकडे, एकदा तिकडे फिरते आणि पाय हलतात. गंमत पुढं आहे. पाय ढेकळात अडकला की मोटर जास्त करंट ओढते, आउटपुटचा व्होल्टेज बसतो आणि ठोका आखूड होतो. पाय अडल्याचं कळायला वेगळा सेन्सर नाही, मोटरच सांगते. हे परीक्षकांना दाखवायला तिला वेळच मिळाला नाही.

हे काही आमच्या दुकानातलं खूळ नाही. नस म्हणजे कपॅसिटर आणि गळती (आपला रेझिस्टर) असं सर्किट लुई लापिक यांनी फ्रान्समध्ये १९०७ साली मांडलं होतं, बेडकाच्या नसांवर प्रयोग करून. इंग्लंडात ब्रिस्टलच्या ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ च्या सुमारास जुन्या रेडिओत असायचे तशा दोन-दोन काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारी, उजेडाकडे जाणारी यांत्रिक कासवं केली. आणि वर सांगितलेला इन्व्हर्टरचा न्यूरॉन रोबो बनवणाऱ्या मार्क टिल्डन यांचा. अमेरिकेत १९९४ साली त्याचं पेटंट झालं.

याला एआय म्हणू नका, तसं मीही म्हणत नाही. मोजून दहा सेंटिमीटर चालायचं असेल तर मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम टाकायची चिपच हवी. शिवाय आपल्याकडचं ऊन. रेझिस्टरच्या जागी एलडीआर (उजेडानं अडवणूक कमी होणारा रेझिस्टर) लावून किडा उजेडाकडे वळवायचा म्हटलं, तर मे महिन्यात अंगणात दोन्ही डोळे एकदमच दिपतात. त्यावर जुन्या एक्स-रे फिल्मचा काळा तुकडा चिकटवावा लागतो.

पण लाइन गेलेल्या गावात, कॉम्प्युटर नसलेल्या शाळेत हे होतं. एलडीआर रस्त्यावरच्या दिव्याच्या ऑटोमॅटिक स्विचमधून निघतो, मोटर मोडक्या खेळण्यातून. फक्त आयसीसाठी नागपूरला सीताबर्डीवर जाणाऱ्या कुणाला तरी सांगून ठेवायचं.

म्हणून शिक्षण विभागाला माझी एकच सूचना आहे. अर्जातला ‘प्रोग्रामिंगची भाषा’ हा रकाना सक्तीचा ठेवू नका, त्याजागी सर्किटची हातानं काढलेली आकृती चालू द्या. परीक्षकांनी १ मेगच्या जागी २.२ मेगचा रेझिस्टर मुलाच्या हातात द्यावा आणि विचारावं, आता किडा कसा चालेल? ठोका दुपटीहून थोडा लांबेल, असं जे पोर लावायच्या आधीच सांगेल, त्याला मार्क द्या. किटवाल्यालाही असंच त्याच्या कोडमधली एखादी ओळ बदलायला लावा.

कुणा सरांना आकृती हवी असेल तर माझ्याकडे वहीत काढलेली आहे. बाजाराचा दिवस सोडून कधीही दुकानात यावं.

आपला,
एक रेडिओ मेकॅनिक, जि. वर्धा