थॉमस जोन्स इंग्रज नव्हते, वेल्श होते

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत ईशान्य भारतातील भाषांवर आलेला लेख मनापासून आवडला. मात्र मेघालयातील खासी भाषेला रोमन लिपी देणाऱ्या थॉमस जोन्स यांचा उल्लेख त्यात ‘इंग्रज पाद्री’ असा झाला आहे, आणि तो दुरुस्त व्हावा म्हणून हे पत्र लिहीत आहे. जोन्स वेल्सच्या, म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेला लागून असलेल्या वेगळ्या भाषेच्या देशाच्या, माँटगोमेरीशर परगण्यातले, सुताराचे चिरंजीव. त्यांची मातृभाषा वेल्श होती आणि त्यांना भारतात पाठवणारे मिशनही वेल्श मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनीच १८४० साली स्थापन केलेले होते. एवढ्याशा शब्दासाठी पत्र कशाला, असे कोणी म्हणेल. पण खासी भाषा आज जशी लिहिली जाते तशी ती का लिहिली जाते, याचा उलगडा ‘इंग्रज’ या शब्दाने होत नाही.

नोकरीनिमित्त माझे काही काळ शिलाँगला वास्तव्य होते. घरमालकिणीची नात पहिलीत होती आणि तिच्या अभ्यासाच्या टेबलावर भिंतीला खासी मुळाक्षरांचा तक्ता लावलेला असे. त्यात ‘ए’, ‘बी’ आणि मग थेट ‘के’ होता; ‘सी’ नव्हताच. पुढे ‘जी’नंतर ‘एन’ आणि ‘जी’ मिळून झालेले एक स्वतंत्र अक्षर होते. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला तो तक्ताच चुकीचा छापला गेला आहे असे वाटले होते. पुढे वेल्श वर्णमाला हाती आली तेव्हा उलगडा झाला. वेल्शमध्ये ‘बी’नंतर येणाऱ्या ‘सी’चा उच्चार नेहमी ‘क’ असाच होतो, आणि ‘जी’च्या मागोमाग तेच ‘एनजी’ हे अक्षर येते. ‘वाय’चेही तसेच आहे. वेल्श लोक आपल्या देशाला ‘कम्री’ म्हणतात, आणि त्यातल्या ‘क’मधला ऱ्हस्व ‘अ’ ते ‘वाय’ने लिहितात, खासीतही ‘वाय’ तोच स्वर दाखवतो. इंग्रजी शुद्धलेखनावर वाढलेल्या माणसाच्या हातून ही मांडणी झाली नसती.

जोन्स २२ जून १८४१ रोजी चेरापुंजीला, म्हणजे सोहऱ्याला पोहोचले. त्यांच्या आधी बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी खासी भाषेत बायबलचा ‘नवा करार’ हा उत्तरभाग आणला होता, तोही बंगाली लिपीत. याच श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ साली विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण बाहेर पडले होते, त्यामुळे ते नाव आपल्याला परके नाही. जोन्स यांनी ती वाट सोडली आणि कानाला जसे ऐकू आले तसे खासी शब्द रोमन अक्षरांत उतरवले. हा आत्मविश्वास त्यांच्यात कुठून आला, हे समजून घ्यायला तीन शतके मागे जावे लागते.

१५३६ च्या कायद्याने वेल्समधील न्यायालयांत इंग्रजी आली आणि केवळ वेल्श बोलणाऱ्याला सरकारी पदाची दारे बंद झाली. १५६३ साली पार्लमेंटने बायबल वेल्शमध्ये आणण्याचा हुकूम केला खरा. पण प्रत्येक चर्चमध्ये त्याच्या शेजारी इंग्रजी प्रतही ठेवावी, म्हणजे दोन्ही ताडून पाहता पाहता लोक इंग्रजी शिकतील, असा त्या कायद्याचा हेतू होता. विल्यम सेल्सबरी या विद्वानाने १५६७ मध्ये नवा करार छापला. माणूस व्यासंगी होता, परंतु शब्द लॅटिनच्या जवळचे दिसावेत म्हणून त्यांनी असे शुद्धलेखन योजले की वाचणाऱ्याची जीभ अडखळावी. वेल्शमध्ये शब्दाचे पहिले अक्षर संदर्भानुसार बदलते: ‘बाप’ म्हणजे ‘ताद’, पण ‘माझा बाप’ म्हणताना त्याचे ‘न्हाद’ होते. बोलताना होणारा हा बदल सेल्सबरी लिहिताना पुष्कळदा दाखवत नसत.

ही उणीव विल्यम मॉर्गन यांनी भरून काढली. पेनमाख्नोजवळच्या एका कुळाच्या घरात जन्मलेला हा मुलगा केंब्रिजला शिकला आणि एका आडगावचा धर्मगुरू झाला. गावातल्या एका कुटुंबाशी त्यांचे इतके हाडवैर जडले होते की प्रवचनाला जाताना ते झग्याखाली पिस्तूल बाळगीत असे सांगतात. अशा धकाधकीत त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणले. लंडनच्या छापखान्यातील जुळाऱ्यांना वेल्शचे अक्षरही ठाऊक नव्हते, म्हणून मॉर्गन छपाईवर देखरेख करायला लंडनमध्येच मुक्काम ठोकून राहिले. ग्रंथ १५८८ साली निघाला. १६२० मध्ये बिशप रिचर्ड पॅरी आणि महापंडित जॉन डेव्हिस यांनी त्यावर पुन्हा हात फिरवला आणि तोच पाठ पिढ्यानपिढ्या चालला. न्यायालयातून हद्दपार झालेल्या भाषेला दर रविवारी व्यासपीठ मिळाले, आणि बोली वेगवेगळ्या असूनही लेखनाला एक सर्वमान्य रूप लाभले. माझ्या मते वेल्शच्या इतिहासात याहून मोठे काम झालेले नाही.

पुढचे काम वाचायला शिकवण्याचे होते. ग्रिफिथ जोन्स या खेड्यातल्या धर्मगुरूने अठराव्या शतकात फिरत्या शाळा काढल्या. शेतीची कामे नसतील त्या दिवसांत दोन-तीन महिने एका गावी शाळा भरवायची आणि मग शिक्षकाने पुढच्या गावाला जायचे, अशी त्यांची रीत होती. १७६१ मध्ये ते वारले तोपर्यंत लाखाहून अधिक माणसे त्या शाळांत आपल्या भाषेतले वाचायला शिकली होती. त्याच वाचत्या समाजातून पान्तकेलिनच्या विल्यम विल्यम्स यांची भक्तिगीते आली आणि ॲन ग्रिफिथ्स आली. थॉमस जोन्स यांच्याच परगण्यातली ही शेतकऱ्याची लेक १८०५ साली, एकोणतीस वर्षांची असताना, बाळंतपणानंतर गेली. तिने आपली बहुतेक गीते कागदावर ठेवलीच नव्हती. ती घरच्या मोलकरणीला, रूथला, तोंडपाठ होती. रूथला लिहिता येत नव्हते. ती म्हणत गेली आणि तिच्या नवऱ्याने, जॉन ह्यूज या उपदेशकाने, ती उतरवून घेतली. आज ती गीते वेल्श साहित्याचे भूषण मानली जातात.

थॉमस जोन्स याच परंपरेत वाढले. ते धर्मप्रसारासाठी आले होते, हे लपवण्याचे कारण नाही. खासींच्या मूळ श्रद्धांवर त्याचा जो परिणाम झाला त्याबद्दल खासी समाजातही मतभेद आहेत. तरीही लोकांच्या तोंडातली भाषा जशी आहे तशी लिहावी, ही शिकवण त्यांना घरातूनच मिळालेली होती. पुढे मिशनने त्यांना दूर केले, एका बड्या युरोपीय व्यापाऱ्याशी वैर पत्करल्यामुळे त्यांना डोंगर सोडावे लागले, आणि १८४९ साली, चाळिशीही न गाठता, ते कलकत्त्यात वारले. मेघालयात आजही २२ जून त्यांच्या नावाने पाळला जातो, आणि खासींचे स्वतःचे राष्ट्रगीत वेल्सच्या राष्ट्रगीताच्या चालीवर म्हटले जाते.

म्हणून विनंती अशी की, दुरुस्ती छापताना ‘इंग्रज’ खोडून ‘ब्रिटिश’ असे मोघम न लिहिता स्पष्टपणे ‘वेल्श’ असे लिहावे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे