७२ तासांचं महत्त्व कॉलेजात सांगा

महोदय,

सिडकोत माझं औषधांचं दुकान आहे. गेल्या महिन्यात रात्री शटर ओढायच्या वेळी एक विशीतला मुलगा आला. शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत हातात टूथपेस्ट घेऊन उभा राहिला, मग हळूच म्हणाला, "काका, मित्राबरोबर होतो. निरोध फाटला." त्यांनी खोबरेल तेल लावलं होतं. तेलाने निरोधाचं रबर कमकुवत होतं, पाण्याचं जेलच वापरायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कॉलेजातल्या एड्स दिनाच्या व्याख्यानात फक्त नवरा-बायको होते म्हणे.

घटनेला दोन दिवस उलटले होते. ७२ तासांच्या आत 'पेप'ची औषधं सुरू करून २८ दिवस नेमाने घेतली, तर एचआयव्हीची लागण बहुधा टळते. पण एकेक तास मोलाचा. मी त्याला लगेच रुग्णालयात पाठवलं. औषधं मिळाली, मात्र तिथे आधी "लग्न झालंय का?" असं विचारलं गेलं. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांसाठी 'प्रेप' ही आधीपासून घ्यायची गोळीही आहे, अर्थात तपासणी करून आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने. सरकारी आयसीटीसी केंद्रात, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तपासणी मोफत होते. नाव गुप्त ठेवणं २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंधनकारक आहे. नाशिकच्या कॉलेजांनी यंदा १ डिसेंबरला हे सगळं समलिंगी आणि उभयलिंगी मुलांचाही उल्लेख करून सांगावं. १०९७ हा एचआयव्ही-एड्सचा मोफत हेल्पलाइन क्रमांक मी काउंटरवर चिकटवला आहे.

– एक औषधविक्रेता, सिडको, नाशिक