साउंड सर्व्हिसवाल्या भाऊंना एका शिक्षकाचं पत्र

प्रिय भाऊ,

रामराम.

चारचौघांत आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत. गणपतीत सत्काराचा नारळ द्यायची वेळ आली की तुम्ही ॲम्प्लिफायरच्या मागे जाऊन बसता. म्हणून तुमचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. चोपडा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, एवढं पुरे. पण पत्र उघडच लिहितोय. शाळेतल्या तंत्रज्ञानावर हल्ली एवढं बोललं जातं, त्यात तुमच्यासारख्या माणसाचा उल्लेख कुठंच नसतो, आणि ते मला मनापासून खटकतं.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. पहिली ते चौथीचे वर्ग धडपणे भरले ते १ डिसेंबर २०२१ ला. मधल्या काळात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत आम्ही शिक्षकांनी व्हॉट्सॲपचे ग्रुप केले, सरकारच्या दीक्षा या अभ्यासाच्या ॲपच्या लिंका पाठवल्या, पुस्तकातला क्यूआर कोड कसा स्कॅन करायचा ते पालकांना समजावलं. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पाठही लागायला लागले. यातलं काही वाईट नव्हतं, त्यातले कितीतरी व्हिडिओ मी आजही वर्गात लावतो. पण आपल्या गावात फोन असतो बापाच्या खिशात, आणि बाप असतो केळीच्या बागेत नाहीतर कापसाच्या निंदणीला. सकाळी पाठवलेला पाठ रात्री त्याच्याबरोबर घरी यायचा, तोवर पोरगं झोपलेलं. नाल्यापलीकडच्या पाड्यावर तर रेंजसाठी टेकडी चढावी लागायची. ऑनलाइन वर्गाला जी आठ-दहा पोरं यायची, ती शाळा भरत असतानाही पुढंच असणारी. मागं राहणारी आणखी मागं चालली होती.

त्याच वर्षी तुमचा लग्नाचा सीझन बुडाला. एरवी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास तुम्हाला मान वर करायला फुरसत नसते. त्या साली टेम्पो दारात उभा, बॉक्सांवर ताडपत्री, आणि बँकेचा हप्ता चालूच. अशा दिवसांत तुम्ही आपण होऊन शाळेत आलात, पाठ भोंग्यावरून गावभर ऐकवू म्हणालात आणि मला विचारलंत, “सर, शेवटनं घर कोनतं शे?”

आवाज पोचवायचा तर सगळ्यात लांबचं घर आधी धरायचं आणि वायर तिथून मागं मोजत यायची, ही तुमच्या धंद्यातली रीत. लग्नात शेवटच्या पंगतीला मंगलाष्टकं ऐकू आली पाहिजेत, तसंच हे. माझ्या नोकरीत मी कितीतरी प्रशिक्षणं केली. ॲप कसं उघडायचं, लिंक कशी द्यायची, अहवाल कसा भरायचा, हे तिथं छान शिकवलं. शेवटचं घर कोणतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

डीजेचे मोठे बॉक्स तुम्ही खाली उतरवलेच नाहीत. त्यांनी छाती धडधडते, शब्द कळत नाही; बोलणं कळायला भोंगाच लागतो, असं म्हणालात. आधी एक भोंगा मारुतीच्या देवळावर आणि दुसरा पाड्याच्या बाजूला लावून पाहिला. श्रुतलेखन घ्यायला लागलो तर मधल्या आळीतल्या पोरांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू यायचा, आधीच्या शब्दाचं शेपूट पुढच्यात अडकायचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ऐकणाऱ्यापासून दोन भोंग्यांच्या अंतरात १७० मीटरचा फरक पडला की दुसरा आवाज अर्धा सेकंद मागून येतो. हे गणित मी वर्गात फळ्यावर शिकवलेलं होतं. तुम्ही ते आळीत उभं राहून कानाने ओळखलंत. मग दोन्ही भोंगे पाण्याच्या टाकीवर एकाच जागी, पाठीला पाठ लावून बसवलेत आणि मला म्हणालात, “वाक्य सरनं का थांबा, सर. आवाजले घर जाऊ द्या.”

ते थांबणं माझ्या शिकवण्यात कायमचं आलं. आजही वर्गात प्रश्न विचारला की मी लगेच पुढं जात नाही. त्या थांबण्यात मागच्या बाकावरचा हात वर येतो.

वीज गेली तर टेम्पोच्या बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा छोटा ॲम्प्लिफायर तुम्ही तयार ठेवलात. वेळही तुम्हीच ठरवलीत. लोक शेतातून परतल्यावर, स्वयंपाकाच्या वेळेला. आठच्या आत सगळं आवरायचं. ग्रामपंचायतीचा ठराव घेतला, पोलीस पाटलांना सांगितलं, म्हाताऱ्या-आजारी माणसांच्या घराकडून भोंग्याचं तोंड वळवलं.

आणि काय गंमत पाहा, पाढ्यांच्या दिवशी पोरांपेक्षा म्हातारेच पुढं सरसावले! ओट्यावर बसलेल्या एका आबांनी पावकी, निमकी म्हणून दाखवली, वर औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढाही. नातवाला पाव आणि निम्मं कळत नव्हतं, ते आजोबांच्या तोंडून कळलं. फोनवरचा पाठ एकट्या पोराच्या हातात असतो. भोंग्यावरचा पाठ भाकरी थापणारी माय ऐकत होती, बिडी ओढणारा काका ऐकत होता, आणि दुसऱ्या दिवशी तेच पोरांना विचारत होते, “काल मास्तरांनी काय सांगितलं रे?”

भोंग्याने सगळं भागलं असं मी म्हणणार नाही. आकृती कानाने शिकवता येत नाही, अक्षराचं वळण तर नाहीच. त्यासाठी दुपारी दारोदार जाऊन वह्या पाहाव्या लागल्या. पहिलीतल्या पावरा आदिवासी पोरांना माझं मराठी नुसत्या आवाजावर समजत नव्हतं. वर्गात निदान माझे हातवारे तरी दिसायचे. त्यावर उपाय तुम्हीच काढलात. पाड्यावरच्या बारावीतल्या ताईच्या हातात माईक द्या, म्हणालात. ती गोष्ट आधी पावरीत सांगायची, मग मी मराठीत. गावातल्या पोरांनी पावरी भाषा भोंग्यावरून प्रथमच ऐकली. पाड्यावरची पोरं शाळा उघडल्यावर पहिल्या दिवसापासून बोलती होती, याचं मोठं श्रेय मी त्या गोष्टींना देतो.

आता शाळेत मोठा स्क्रीन आला आहे, नेट आहे, दर महिन्याला नवं काहीतरी डाउनलोड करायला सांगतात. मी या सगळ्याच्या विरोधात नाही. हृदयाच्या झडपा उघडमीट होताना स्क्रीनवर दाखवता येतात तेव्हा पोरांचे डोळे पाहण्यासारखे असतात. पण यंत्रं शाळेत आजच येताहेत असं नाही. पुण्यात शाळेच्या पोरांसाठी टीव्हीचे कार्यक्रम करणारी बालचित्रवाणी ही संस्था १९८४ मध्ये सुरू झाली, तेव्हाही टीव्हीवर शिक्षण होतंच. रेडिओ आला, टीव्ही आला, संगणक आला, आणि पुष्कळ ठिकाणी पहिला बिघाड झाला की ती वस्तू कपाटात गेली. आपल्या शाळेसारख्या प्राथमिक शाळेत यंत्र बघणाऱ्या माणसाचं पदच नाही. स्क्रीन काळा पडला तेव्हा कंपनीचा माणूस यायची वाट किती पाहायची? तुम्ही येऊन अर्थिंग तपासलंत, उंदराने कुरतडलेली वायर बदललीत आणि जाताना सातवीच्या दोन मुलींना टेस्टर धरायला शिकवलंत. आता शाळेतल्या बारीकसारीक दुरुस्त्या त्याच करतात. त्यांच्यापैकी एकीला आयटीआय करायचं आहे, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

भाऊ, त्या दिवसांचं भाडं तुम्ही घेतलं नाहीत. लग्नं बंद असताना बॅटऱ्या झिजवल्यात, टाकीवर चढलात, वायर पदरची घातलीत. त्याबद्दल मी, माझे सहकारी आणि ती पोरं तुमचे ऋणी आहोत. मात्र इथून पुढं हे असं चालणार नाही. स्क्रीनची आणि शाळेच्या साउंडची देखभाल तुमच्याकडे द्यायची, आणि प्रत्येक दुरुस्तीची मजुरी बिलाने द्यायची, असा विषय आम्ही शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडला आहे. येत्या बैठकीला तुम्ही यावं, तुमचा दर सांगावा, आणि “राहू द्या हो सर” असं म्हणू नये, ही विनंती.

वहिनींना नमस्कार.

आपला,
जिल्हा परिषद शाळेतला एक शिक्षक