‘ळ’ आधी कानात, मग पाटीवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंधरा दिवसांपूर्वी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका गृहस्थांनी लिहिलं होतं की इंदुरातल्या मराठी घरांतली मुलं मराठी विसरत चालली आहेत, तेव्हा मंडळांनी सुट्टीतल्या वर्गांत साडेतीन-चार वर्षांपासूनच मुळाक्षरांची वही सुरू करावी, रोज दोन पानं. त्यांची कळकळ खरी आहे. उपाय मात्र उलटा आहे. एकतीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले आहेत, तेव्हा एवढं बोलायचा हक्क मला असावा.

मी लोकमान्य नगरात राहते. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली. संध्याकाळी पाचला आमच्या ओट्यावर सात-आठ मुलं जमतात, चार ते सात वर्षांची. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी, अशी त्यांची तीन राज्यं. गेल्या वर्षी एक पाच वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच आला. मी म्हटलं, “ये बाळ, बस.” त्याने डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, “बाल तर कालच कटवले.” सगळे हसले, तोही हसला. मी मात्र रात्री त्यावर विचार करत बसले. त्याच्या कानाला ‘ळ’ ऐकूच येत नव्हता. कान चांगला होता, पण हिंदीत तो आवाज नाही, म्हणून कानाने त्याच्यासाठी वेगळा कप्पाच केलेला नव्हता. आला ‘ळ’ की टाक ‘ल’च्या कप्प्यात. अशा मुलाला तुम्ही ‘ळ’ची दोन पानं गिरवायला लावलीत तर तो काय गिरवेल? एक नक्षी.

मग आम्ही एक खेळ काढला. मी मुलांच्या पाठीमागे उभी राहते, म्हणजे माझ्या ओठांकडे बघून कुणी फसवाफसवी करणार नाही. मी म्हणते, “वेल.” मुलांनी पंजा सपाट पुढे धरायचा. मी म्हणते, “वेळ.” बोटं आत वळवायची, जशी ‘ळ’ म्हणताना जीभ मागे वळून टाळूला लागते तशी. काल, काळ. मूल, मूळ. चाल, चाळ. पहिले आठ दिवस निम्मे हात चुकीचे आणि उरलेले शेजाऱ्याकडे बघून उचललेले. मग मी डोळे मिटायला सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात तो मुलगा एकदाही चुकला नाही, आणि पुढे आठवड्याभरात तोंडातूनही ‘ळ’ यायला लागला. आधी जरा जास्तच, ‘मळा भूक ळागळी’ असा. नव्या चपला घालून मूल घरातही चालतं ना, तसं. एवढ्या दिवसांत कुणाच्या हातात पेन्सिल नव्हती. आता तो मामाला टोकतो. मामा पिढीजात इंदूरकर, ‘दाल-पोली’ जेवणारे. त्यांना राग येतो. येऊ द्या.

टाळ्यांच्या खेळात मात्र मीच चुकले होते, तेही वर्षानुवर्षं. ‘घर’ म्हणा आणि जितके तुकडे ऐकू येतील तितक्या टाळ्या वाजवा, असं सांगितलं की मुलं एकच टाळी वाजवतात. ‘कमळ’ला दोन: क, मळ. मी नोकरीत असताना त्यांना थांबवून म्हणत असे, “नीट मोज, घ आणि र, दोन!” बिचारी माझ्यासाठी दोन वाजवायची. खरं तर बरोबर ती होती. आपण ‘घर’ लिहिताना दोन अक्षरं लिहितो, पण बोलताना शेवटच्या ‘र’मधला ‘अ’ गिळून टाकतो. कान एक सांगतो, डोळा दोन दाखवतो, आणि पहिलीतलं मूल या दोघांच्या मध्ये उभं असतं. आता मी आधी बोलण्याच्या टाळ्या घेते आणि मग सांगते की लिहिताना आपण शब्द जरा सावकाश उलगडतो. एवढं मोकळेपणाने सांगितलं की मुलं पटकन धरतात. मुलांना लपवाछपवी तेवढी आवडत नाही.

वहीची गोष्ट सांगते. आमच्याकडे येणारी एक साडेचार वर्षांची मुलगी एकदा वर्गातला गृहपाठ ओट्यावरच पुरा करायला बसली. ‘ग’ची दोन पानं होती. तिने आधी पानभर उभ्या दांड्या ओढल्या, वरपासून खालपर्यंत, रांगेने. मग सगळ्या दांड्यांवर पट्टी धरून शिरोरेघा. मग एकेकीच्या डाव्या बाजूला आकडी. पत्र्याच्या कारखान्यात माल निघावा तसे वीस मिनिटांत चाळीस ‘ग’ तयार. मी बोट ठेवून विचारलं, “हे काय गं?” म्हणाली, “माहीत नाही, मॅडमनी नाव नंतर सांगणार म्हटलंय.” पानाखाली दुसऱ्या दिवशी लाल शाईत ‘छान’ आलं. आईलाही बरं वाटलं, कारण भरलेली वही दिसते आणि भरलेला कान दिसत नाही. त्या शिक्षिकेला मी दोष देत नाही. चाळीस मुलं आणि तपासायला येणारे पालक असले की मीही तेच केलं असतं, केलंही आहे.

याचा अर्थ हात रिकामे ठेवा असा नाही. आपल्याकडे धुळाक्षरं होतीच की! पाटीवर धूळ पसरून त्यात बोटाने अक्षर काढायचं, चुकलं की हात फिरवायचा, कुणाला पत्ता नाही. मी स्टीलच्या ताटात रवा घेते. मुलाने ‘ग’ म्हणत म्हणत बोटाने ‘ग’ काढायचा, आवाज आणि बोट एकाच वेळी. माँटेसरीबाईंची खरकागदाची अक्षरंही याच जातीची. आमच्या जेल रोडच्या दुकानात खरकागद मागितला तर मिळत नाही, ‘रेगमाल’ म्हटलं की लगेच मिळतो. गुजरातचे बालशिक्षक गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं, तिथे ताराबाई मोडक जाऊन मिळाल्या आणि पुढे अनुताई वाघांना घेऊन त्यांनी कोसबाडला अंगणवाडी आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मराठी बालशिक्षणाला हे नवीन नाही. नवीन आहे ती घाई.

अक्षरं शिकवायची तर ‘अ’पासून नव्हे. ग, म, भ, न. वळणं एका घराण्यातली, आणि चार दिवसांत ‘मग’, ‘नग’, ‘नभ’, ‘गगन’ वाचता येतात. काना दिला की ‘मामा’, ‘नाना’, ‘मान’. मूल पहिल्याच आठवड्यात वाचतं, खरोखर वाचतं. ‘अ अननसाचा’पासून सुरू केलं की ‘ई ईडलिंबाची’ला गाडी अडते. इंदुरात ईडलिंबू पाहिलेलं मूल मला दाखवा. औत नाही, उखळ नाही, ऐरण नाही. आणि ‘ण’ कशाचा तर ‘बाणाचा’, ‘ळ’ ‘बाळाचा’, कारण त्या अक्षराने शब्द सुरूच होत नाही! हिंदी पुस्तकात तर ‘ण खाली’, म्हणजे ‘ण रिकामा’, म्हणून मोकळे होतात. मुलं मोठ्याने ‘ण खाली’ म्हणतात आणि त्यांना वाटतं खाली म्हणून काही वस्तू असेल.

पहिल्या वेलांटीपाशी बहुतेक मुलं ठेचकाळतात. ‘पिन’ मूल वाचतं ‘इपन’. त्यात त्याचं काय चुकलं? डावीकडून उजवीकडे वाच असं आपणच सांगितलं, आणि वेलांटी डावीकडे उभी आहे. तिथे मी अंगणात दोन मुलं उभी करते. एक ‘प’ होतो, दुसरी वेलांटी होते आणि त्याच्या डाव्या हाताला उभी राहते, पण बोलायची पाळी त्याच्यानंतर. वेलांटीवालीला नंतर बोलावं लागतं म्हणून तिला फार चेव येतो. एकदा हे केलं की ‘इपन’ पुन्हा येत नाही, निदान फारसा येत नाही.

शुद्धलेखनाचं सांगायचं तर मुलाची चूक ही बहुधा त्याच्या कानाची साक्ष असते. ‘दूध’ला ‘दुद’ लिहिणाऱ्या मुलाने आपण दूध कसं म्हणतो ते ऐकलेलं असतं. एकदा स्वतः मोठ्याने म्हणून बघा. इंदूरच्या मुलांच्या चुका तर आणखी वेगळ्या. एकाच लिपीत दोन भाषा नांदतात, म्हणून शाळेत ‘हाथ’ बरोबर आणि ओट्यावर ‘हात’ बरोबर. शाळेत ‘भूख’, इथे ‘भूक’. शाळेतला ‘कवि’ आणि ‘गुरु’ इथे ‘कवी’ आणि ‘गुरू’ होतात, कारण १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी मराठीत शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ केले. सात वर्षांच्या मुलाला हा नियम सांगून उपयोग नाही. आम्ही शनिवारी पाट्या वाचायला निघतो. कोपऱ्यावर ‘किराना’ लिहिलंय, आपण काय म्हणतो? किराणा. ‘पोहा’? पोहे. ‘जलेबी’? जिलबी. मुलं ओरडून सांगतात. दुकानदार भला माणूस आहे, म्हणतो, “भिया, अब बोर्ड बदलना पड़ेगा क्या?” दोन्ही बरोबर आहेत, दोन घरच्या दोन रीती आहेत, हे मुलांना तिथे उभ्या उभ्या कळतं. वहीत लाल फुली मारून ते कळत नाही.

आता एक कबुली. १९८६च्या पावसाळ्यात माझ्या वर्गात, तेव्हा आमची शाळा मराठी माध्यमाची होती, एक मुलगा खिडकीपाशी मागे बसायचा. फळ्यावरचं अचूक उतरवायचा, अक्षर मोत्यासारखं. श्रुतलेखन मात्र पार वाया. ‘सात’ सांगितलं तर ‘आत’, ‘साप’ सांगितलं तर ‘आप’. मी म्हटलं, लक्ष नाही, मस्ती आहे. ‘सात’ शंभर वेळा लिहायला लावलं. त्याने लिहिलं, निमूटपणे, शंभरही ‘सात’ बरोबर. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘आत’. मी त्याला बाकावर उभं केलं आणि सगळ्या वर्गाला हसू दिलं. पुढे एकदा मी त्याच्या मागून खडूची पेटी मागितली, दोनदा, हळू आवाजात, आणि तो वळलाच नाही. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आईला बोलावलं. पावसात कान वाहतो, पण पोरांचे वाहतातच, असं ती म्हणाली. दवाखान्यात कळलं की पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येत होतं. मोठे आवाज पोचत, ‘स’सारखा बारीक, वाऱ्यासारखा आवाज पोचत नसे. औषधांनी तीन-चार महिन्यांत कान सुधारला आणि श्रुतलेखनही. मी त्याला पुढच्या बाकावर बसवलं. माफी मागितली नाही. तेव्हा शिक्षक मुलांची माफी मागत नसत.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभी राहून मी कुजबुजते: “साखर,” “शेव,” “चहा.” त्याने तोच शब्द परत म्हणायचा. ही डॉक्टरी तपासणी नव्हे, पण शंका आली तर घरच्यांना वेळेवर सांगता येतं. आपल्या वाचकांपैकी जे असे वर्ग चालवतात त्यांनी, आणि आजी-आजोबांनीही, एवढं जरूर करावं. सर्दीच्या दिवसांत पुन्हा करावं. फळ्यावरून बरोबर आणि कानावरून चूक, असं दिसलं की मुलाला रागवू नये, दवाखान्यात न्यावं.

सरकारी बाजूला ‘निपुण भारत’ ही लहान मुलांच्या वाचन-लेखनाची आणि गणिताची केंद्राची मोहीम जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, असं त्यात उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट चांगलं. पण माझ्या नातवाच्या शाळेत त्यातले ६० उरले आणि ‘अर्थ समजून’ गळालं. नातू मोबाइलचं घड्याळ लावून वाचतो, धापा टाकत, आणि ससा जिंकला की कासव ते त्याला सांगता येत नाही. मी वाचून दाखवते तेव्हा मध्येच थांबते: “आता काय होईल रे?” तो चुकीचं सांगतो, पण सांगतो. ऐकलेल्या गोष्टीबद्दल ज्याला दोन वाक्यं बोलता येत नाहीत त्याला वाचलेल्या गोष्टीबद्दल कुठून येणार?

शेवटी, संपादक महाशय, आपल्याकडे एक मागणं आहे आणि एक तक्रार. मागणं असं की रविवारच्या अंकात एक छोटी चौकट बोटाएवढ्या जाड अक्षरांत छापावी, चार ओळींची, जोडाक्षराशिवाय. बालगोष्टींचं पान आहे, पण त्याचा टंक मलाही चष्म्याशिवाय दिसत नाही आणि पहिल्याच ओळीत ‘कर्तव्यनिष्ठ’ येतो. मजकूर मी लिहून देईन, आधी ओट्यावर मुलांकडून वाचून घेईन, जिथे अडतील तो शब्द बदलेन.

तक्रार ‘ल’ची. आपल्या बातम्यांच्या मजकुरात मराठी वळणाचा पाकळीचा ‘ल’ असतो, महाराष्ट्र शासनानेही २००९ मध्ये तोच मराठीचा धरला, पण मोठ्या मथळ्यांत हिंदी वळणाचा दांडीचा ‘ल’ येतो. मोठ्यांच्या लक्षातही येत नाही. गेल्या मंगळवारी पेपर ओट्यावर पसरला होता. बाल कटवणारा तो मुलगा, आता सहा वर्षांचा, मथळ्यावर बोट ठेवून मग खालच्या ओळीवर बोट ठेवून मला विचारत होता, “आजी, हा शाळेतला ल इथे कशाला आलाय?” मी म्हटलं, संपादकांना विचारते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
लोकमान्य नगर, इंदूर