औषध मिलिमीटरने मोजू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

एम.एस्सी.चे प्रकल्प संपत आले की ‘नव्या संयुगाने जिवाणूंचा नायनाट’ अशा मथळ्याच्या बातम्या जिल्हा पानांवर दिसू लागतात. मुलांचे कौतुक जरूर व्हावे. पण बातमीत ठळक छापलेला ‘१८ मिलिमीटरचा झोन’ (संयुगाभोवती जिवाणू न वाढलेल्या वर्तुळाचा व्यास) वाचकाला फारसे काही सांगत नाही, आणि पुष्कळदा प्रकल्प करणाऱ्यालाही नाही.

नेहमीचे उदाहरण घेऊ. सॅलिसिलाल्डिहाइड हे अल्डिहाइड आणि सल्फानिलामाइड हे सल्फा गटातले अमाइन यांच्या जोडणीतून शिफ बेस नावाचे संयुग करणे सोपे आहे. सल्फानिलामाइड ०.८६ ग्रॅम आणि सॅलिसिलाल्डिहाइड ०.६१ ग्रॅम (दोन्ही ५ मिलिमोल), २५ मिली निर्जल इथेनॉल, ग्लेशियल ॲसिटिक आम्लाचे तीन-चार थेंब आणि तीन-चार तास रिफ्लक्स (वाफ गार करून परत आणत उकळणे). गार केल्यावर पिवळसर-केशरी घन खाली बसतो. तो गाळून थंड इथेनॉलने धुवायचा आणि गरम इथेनॉलमधून पुन्हा स्फटिक करून घ्यायचे. बिघडते ते आम्लाच्या थेंबांवर. जास्त पडले तर अमाइनवर प्रोटॉन चढतो आणि ते अल्डिहाइडशी जोडलेच जात नाही. अभिक्रिया उलटसुलट चालणारी असल्याने इथेनॉलमध्ये पाणी असले की उत्पन्न घटते. टीएलसीवरही (सिलिकाच्या प्लेटवर घटक वेगळे करून पाहण्याच्या चाचणीवरही) डोळे झाकून विसंबू नये, कारण सिलिका किंचित आम्लधर्मी असल्याने शुद्ध शिफ बेससुद्धा प्लेटवरच थोडा फुटतो आणि अल्डिहाइडचा ठिपका दाखवतो. खात्री एनएमआरने (रेणूतले प्रोटॉन ओळखणाऱ्या तंत्राने) करावी. १० पीपीएमजवळचा अल्डिहाइडचा प्रोटॉन नाहीसा होऊन ९ च्या आसपास इमाइनचा (नव्या जोडाचा) एकेरी पीक आला पाहिजे. आणि हे संयुग ‘नवे’ मुळीच नाही, शोधनिबंधांत ते केव्हाच येऊन गेले आहे. काचसामान बाहेर काढण्याआधी रचना टाकून शोध घ्यायला अर्धा तास लागतो.

आता झोन. जिवाणू पसरलेल्या अगारच्या (जेलीसारख्या माध्यमाच्या) थरात पाडलेल्या खळग्यात, म्हणजे वेलमध्ये, १ मिग्रॅ/मिली द्रावणाचे १०० मायक्रोलिटर घातले म्हणजे १०० मायक्रोग्रॅम पदार्थ गेला. शेजारी सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची प्रमाणित डिस्क असते ५ मायक्रोग्रॅमची. वीसपट माल घालून ‘प्रमाणित औषधाच्या जवळपास परिणाम’ असे लिहिणे ही तुलनाच नव्हे. शिवाय झोनचा आकार पदार्थ अगारमधून किती पसरतो यावरही ठरतो. तेलकट स्वभावाचे संयुग जंतू मारत असले तरी वेलच्या काठाशीच अडकते. पाण्यात सहज विरघळणारे सामान्य संयुग मोठे वर्तुळ काढून दाखवते. अगारचा थर ४ मिमी हवा. पातळ ओतला की झोन आपोआप मोठा. जिवाणूंचे द्रावण ०.५ मॅकफार्लंड या ठरलेल्या मापाच्या गढूळपणाचे हवे, नजरेच्या अंदाजाचे नको.

सल्फा गटाच्या बाबतीत माध्यमाची गोम वेगळी. साध्या न्यूट्रिएंट अगारमधील पेप्टोनमध्ये असे घटक असतात की जिवाणू सल्फाचा मारा चुकवतात. त्यामुळे म्युलर-हिंटन हेच माध्यम वापरावे.

खरा आकडा म्हणजे एमआयसी, जिवाणूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा. ९६ खणांच्या प्लेटमध्ये दर खणाला निम्मी होत जाणारी मात्रा, मिलिलिटरला ५ लाख जिवाणू, ३५ अंश सेल्सियस, १६ ते २० तास. डीएमएसओ (संयुग विरघळवायचे द्रावक) शेवटी १ टक्क्याच्या वर नको. नुसत्या डीएमएसओचा, नुसत्या माध्यमाचा आणि नुसत्या जिवाणूंचा खण ठेवलाच पाहिजे. इथला नेहमीचा घोळ असा की डीएमएसओमध्ये विरघळलेले संयुग ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) जाताच साका धरते आणि तो गढूळपणा वाढ समजला जातो. रेझाझुरिन हे रंगद्रव्य घातले तर निळ्याचे गुलाबी झाले की जिवाणू जिवंत आहेत हे कळते. ई. कोलायच्या एटीसीसी २५९२२ या प्रमाणित वाणावर सिप्रोफ्लॉक्सासिनची एमआयसी ०.०१५ मायक्रोग्रॅम/मिली किंवा त्याहून कमी भरते. प्रकल्पातल्या संयुगांची एमआयसी १२५ किंवा २५० मायक्रोग्रॅम/मिली भरते. हा फरक मिलिमीटरमध्ये लपून जातो. प्रमाणित वाण मिळवायला लांब जायला नको, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून ते मागवता येतात.

सर्वांत जास्त राहून जाते ती कच्च्या मालाची चाचणी. शिफ बेस पाण्यात हळूहळू फुटतो, म्हणजे प्लेटवर सल्फानिलामाइडच काम करत असू शकते. ते आणि अल्डिहाइड दोन्ही स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय श्रेय कोणाचे ते सांगता येणार नाही. प्रॉन्टोसिल या जुन्या सल्फा औषधाचे हेच झाले होते. जर्मन शास्त्रज्ञ डोमाक यांच्या प्रयोगांत उंदरांमध्ये गुणकारी ठरलेला हा लाल रंग काचेच्या बशीत निष्प्रभ होता. शरीरात त्याचे सल्फानिलामाइड होते हे १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उलगडले. शिफ बेसला तांबे जोडून केलेल्या संकुलांचेही तसेच. ‘लिगँडपेक्षा (म्हणजे नुसत्या शिफ बेसपेक्षा) संकुल प्रभावी’ हे वाक्य बहुतेक प्रबंधांत सापडते, पण तेवढ्याच तांब्याचे कॉपर क्लोराइड एकटे घालून पाहिलेले क्वचित दिसते.

यानंतर मानवी पेशींवरील विषारीपणा. जंतूंसोबत पेशीही त्याच मात्रेला मरत असतील तर ते फार तर फरशी पुसायच्या कामाचे. बातमीदारांनी प्रकल्पप्रमुखांना एमआयसी किती, कच्चा माल तपासला का आणि पेशींवर काय झाले एवढे विचारले, तरी निम्म्या मथळ्यांची भाषा बदलेल.

जाता जाता एक विनंती महाविद्यालयांना. चाचणीच्या प्लेट १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय टाकू नयेत, आणि उरलेली संयुगे व सॉल्व्हंट बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या बाटल्यांत साठवून घातक कचरा म्हणून द्यावीत. जयंती नाल्यातून पंचगंगेत आधीच पुरेसे काही जाते. प्रतिजैविकासारखी द्रव्ये थोड्या मात्रेत सांडपाण्यात मिसळत राहिली, तर तिथले जिवाणू त्यांना सरावतात.

आपला,
रसायनशास्त्राचा एक अध्यापक, कोल्हापूर