बाबा, व्हीलचेअर सांगून ठेवलीय

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बघू" म्हणून विषय बदलला असता आणि आईने फोन हातात घेऊन जेवलीस का विचारलं असतं, म्हणून लिहितेय. जूनची तिकिटं काढली. थेट मुंबई-लंडन, मधे विमान बदलायची भानगड नाही. आणि बाबा, तिकिटासोबतच तुमच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवलीय, मुंबईलाही आणि हीथ्रोलाही. ती मी रद्द करणार नाहीये. रागावू नका, आधी पूर्ण वाचा.

हीथ्रोला उतरल्यावर इमिग्रेशनपर्यंत इतकं चालावं लागतं की आमचेसुद्धा पाय भरून येतात, वर ती रांग वेगळीच. गुडघा तिथेच दुखावला तर पुढे लंडन कशाच्या जोरावर बघणार? तुम्हाला चालता येत नाही असं कोणीच म्हणत नाहीये. उलट जिथे चालायला मजा आहे तिथे चालता यावं म्हणून हे सगळं. वरचे काका म्हणत होते तसली रोज नवीन देश, पहाटे बॅगा बाहेर वाली टूर मला तुमच्यासाठी अजिबात नको होती. काका-काकूंनाही समजावलंय, तेही आता आपल्यासोबतच येतायत, ताई तुम्हा चौघांना घेऊन येईल. एकच शहर, निवांत बघायचं, दुपारी घरी येऊन पडायचं. जूनमध्ये इथे रात्री नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळी पुन्हा निघता येतं.

आम्ही आणि आमचे इथले मित्र मिळून खास तुमच्यासाठी फिरून बघितलं, लिफ्ट कुठे आहे, बसायला कुठे आहे, आईसाठी टॉयलेट कुठे आहे. भुयारी रेल्वे १८६३ पासूनची, खूप स्टेशनांवर अजूनही जिनेच आहेत, म्हणून ती जवळपास बादच. बस मात्र सोयीची, ड्रायव्हर बटण दाबतो आणि मधल्या दारातून रॅम्प बाहेर येतो. काळ्या टॅक्सीतही रॅम्प असतो. बाबा, डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर जायचं नाही. नाही म्हणजे नाही. बस चालू असताना त्या जिन्यावर माझाच तोल जातो.

वेस्टमिन्स्टरला बोटीत बसायचं, तिथेच बिग बेनचा टॉवर दिसतो, मग लंडन आय, सेंट पॉलचा घुमट, आणि १८९४ चा टॉवर ब्रिज तर आपल्या डोक्यावरूनच जातो, सगळं खुर्चीत बसून. मग ग्रीनिच. ऑब्झर्वेटरी टेकडीवर आहे, चढ चांगलाच दमवणारा, म्हणून टॅक्सीने वळसा घालून ब्लॅकहीथच्या बाजूने जायचं, तिकडून रस्ता सपाट आहे. बाबा, ती शून्य अंशाची रेषा! आपल्या प्रमाणवेळेचे ८२.५ अंश गुणिले दर अंशाला ४ मिनिटं म्हणजे साडेपाच तास, हे तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसवून माझ्याकडून करून घेतलं होतं. इतकी वर्षं मुलांना पृथ्वीगोल फिरवून शिकवलंत, त्या रेषेवर तुम्ही स्वतःच्या पायांनी उभे राहाल, तेव्हा खुर्ची मी लांब ठेवेन, प्रॉमिस.

आई, कोहिनूर बघताना तुला गर्दीत उभं राहायला लागणार नाही, मुकुटांच्या समोर सरकता पट्टा आहे, तोच पुढे नेतो. बाकी टॉवर ऑफ लंडनमध्ये दगडी फरशी उंचसखल आहे, तेवढं बघून बाहेर. किंग हेन्रीज रोडवर बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहायचे ते १० नंबरचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं, तिथे सकाळीच जाऊ, घाई नको. राजवाड्यासमोरचं गार्ड बदलणं मी काढून टाकलंय, नुसतं ताटकळत उभं राहायचं. काकांना हवं तर आमचे मित्र घेऊन जातील.

बाबा, अजून एक. विसर्जनाला लक्ष्मी रोडवर तुम्ही मला खांद्यावर घेऊन रात्रभर उभे असायचात. मी तेव्हा म्हटलं का कधी, मला स्वतः चालायचंय? मला फक्त गणपती दिसत होता. आता मला ढकलू द्या ना थोडं.

तर आता नीट ऐका. गोळ्या सगळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. जूनमध्ये इथली घड्याळं तासभर पुढे असतात, फरक साडेचार तासांचाच, बीपीच्या गोळीची वेळ मी ताईला लिहून देते. विमानात दर दीड-दोन तासांनी उठून दोन पावलं टाकायची. आई, तूप, पेढे, खवा काहीही आणायचं नाही, दुधाचे पदार्थ इथे आणायला बंदी आहे, थालीपिठाची भाजणी मात्र भरपूर आण. चहा तुझ्याच पद्धतीचा मिळेल, आलं-गवती चहा दोन्ही मिळतं, कमोड उंच आहे, बाथरूमला हँडल बसवून घेतलंय. आणि खोली खालच्या मजल्यावरची तुमची, आम्ही वर झोपू, यावर वाद नको.

डॉक्टरांना या आठवड्यातच भेटा आणि ते काय म्हणाले ते जसंच्या तसं मला सांगा, आईकडून गाळून नको.

तुमची,
धाकटी