आपली वाडी कुठं हाय ह्यात?

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमची नात हे पत्र तुम्हाला वाचून दाखवेलच. पण तुमचे आभार चार लोकांदेखत मानायचे होते, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

कुर्डुवाडीचा इतिहास लिहायचा म्हणून मी तुमच्याकडे आलो, तेव्हा वहीत फक्त सनावळ्या होत्या. 1897 साली बार्शी लाईट ही छोटी रेल्वे सुरू झाली, ती 1906 ला पंढरपूरला पोचली, 1911 ला लातूरला, 1927 ला मिरजेला, आणि 1954 मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "आपली वाडी कुठं हाय ह्यात?"

खरंच नव्हती. ज्या स्टेशनामुळे गाव वाढलं, त्याचं जुनं नावसुद्धा 'बार्शी रोड'!

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरने रुळांत अडीच फूट अंतर असलेल्या या लाईनवर चाकांच्या प्रत्येक आसाला पाच टन भाराचीच मर्यादा ठेवली, हे मी वाचलं होतं. डोक्यात मात्र शिरलं नव्हतं. तुम्ही माझा तळहात पुढे घेतलात आणि एका बोटाने दाबलंत. टोचलं. मग चारही बोटं टेकवून तेवढाच भार दिलात. "आता? रुळाचंबी तसंच." वर्कशॉपात उभा जन्म घालवलेल्या माणसाची ती बोटं, ठेचलेल्या नखांची. ती मी विसरणार नाही.

मग भर उन्हात तुम्ही मला स्टेशनवर नेलंत आणि जुने दिवस सांगत गेलात. मोठ्या गाडीतून उतरून छोटीकडे पळणारे आषाढीचे वारकरी, डोक्यावर वळकट्या, गळ्यात टाळ. क्वार्टरच्या दारात तुमच्या आईने भरून ठेवलेला पाण्याचा रांजण. भोंगा झाला की घराघरांत पडणारं डब्याचं झाकण. भोंग्यावर घड्याळं लावणारं गाव होतं ते, आणि कुणाच्या घरी दुखणं आलं तर पाळी बदलून घ्यायला साहेबाआधी शेजारी उभा राहायचा. यातलं एक अक्षरही मला कुठल्या कागदात सापडलं नसतं.

2008 पर्यंत वाडीतली छोटी लाईन सगळी ब्रॉडगेज झाली. झालं ते बरंच झालं, असं तुम्ही म्हणालात. लातूरच्या माणसाला आता इथं गाडी बदलावी लागत नाही. मलाही ते पटतं. तरी ते सांगताना तुम्ही रुळाकडे नाही, बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघत होतात.

काका, लेखाची सुरुवात मी बदलली आहे. आता ती 1897 पासून नाही, तुमच्या आईच्या रांजणापासून होते.

तुमचा हजेरीचा पितळी बिल्ला माझ्याकडे जपून ठेवलाय. फोटो काढून झाले. रविवारी परत आणून देतो, आणि येताना मोठा कागदही आणतो. यार्डाचा नकाशा अर्धाच राहिलाय.

तुमचा,
वहीवाला